बोलण्याने माणूस बदलतो, तो कसा?

(द्वितीय वर्ष कला)

मानसोपचाराने माणूस बरा होतो का, हा एक प्रश्न. होत असेल तर तो कशामुळे होतो, हा दुसरा. ऐकताना दोन्ही जुळ्या भावांसारखे वाटतात. पण पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप हाती येत नाही. आमच्या वर्गात मानसोपचाराचे प्रकरण शिकवून झाले तेव्हा वहीत फ्रॉइडची पद्धती, रॉजर्सची पद्धती आणि बेकची पद्धती असे तीन खण तयार झाले. प्रत्येकीचे गुण पाच आणि दोष चार. परीक्षेपुरते ते पुष्कळ झाले. पण फ्रॉइड म्हणतात, त्रासाचे मूळ नेणिवेत दडपलेल्या इच्छांत आहे. रॉजर्स म्हणतात, कोणी तरी अटी न घालता आपल्याला स्वीकारले की माणसाची वाढ पुन्हा सुरू होते. बेक म्हणतात, घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ आपल्याला छळतो. तिघांच्या पद्धतीने माणसे बरी होतात आणि तिघांचेही अनुयायी आपलाच सिद्धांत खरा ठरला असे मानतात. हे कसे काय? हा प्रश्न मला वहीतल्या कोणत्याच खणात बसवता येईना. म्हणून ग्रंथालयात जे सापडले आणि आमच्या सरांनी जे वाचायला दिले, त्याच्या आधारे हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

येथे मानसोपचार म्हणजे बोलून करावयाचे उपचार, एवढाच अर्थ घ्यावा. औषधांचा विषय ओघाने येईल तेवढाच.

या वादाची पहिली मोठी ठिणगी १९५२ साली पडली. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी तोवर छापून आलेले अहवाल एकत्र केले. त्यांत सात हजारांवर रुग्णांची नोंद होती. मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकी शेकडा ४४ सुधारले होते. संमिश्र पद्धतीचे उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ६४. आणि ज्यांना नुसते रुग्णालयात ठेवले होते किंवा जे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जात होते, त्यांच्यापैकी शेकडा ७२! उपचार जितका खोल तितका गुण कमी, असा हा उलटा हिशेब. मज्जाविकृतीचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण उपचार घेवोत वा न घेवोत, दोन वर्षांत सुधारतातच. तेव्हा या आकड्यांवरून मानसोपचाराचा उपयोग सिद्ध होत नाही, असे त्यांनी लिहिले. साहजिकच मोठा गहजब झाला. आयसेंक यांनी मध्येच उपचार सोडून गेलेल्यांना 'न सुधारलेले' धरले होते. 'सुधारला' म्हणजे काय याची व्याख्या प्रत्येक अहवालात वेगळी होती. ज्या गटांची तुलना केली ते गटही मुळात सारखे नव्हते. हे सर्व आक्षेप मला रास्त वाटतात. तरी आयसेंक यांचे एक ऋण मान्य केलेच पाहिजे. मनाचे दुखणे पुष्कळदा स्वतःच्याच गतीने उतरते आणि ते उतरायच्या वेळी ज्याने अंगारा लावला असेल त्याला श्रेय मिळते, ही गोष्ट त्यांनी उपचारकांच्या डोळ्यांत अंजन घालून दाखवली. त्यानंतर, उपचार न घेणाऱ्यांचा तुलनेसाठी गट नसेल तर नुसत्या 'आधी आणि नंतर'च्या आकड्यांवर कोणी सहज विश्वास ठेवीना.

पहिल्या प्रश्नाचे बरेचसे समाधानकारक उत्तर आले ते १९७७ साली. अमेरिकेत मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी तुलनात्मक गट असलेली ३७५ संशोधने गोळा करून त्या सर्वांचा एकत्र हिशेब मांडला. संशोधनांचे संशोधनच म्हणा ना! उपचार न घेतलेले शंभर जण सुधारणेच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर उपचार घेतलेला सर्वसाधारण माणूस त्यांतल्या पंचाहत्तर जणांच्या पुढे उभा राहील, असे त्यांना आढळले. म्हणजे बोलण्याने गुण येतो. पण त्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघाली, ती अधिक पेचाची. निरनिराळ्या पद्धतींच्या गुणात फारसा फरक दिसेना. सॉल रोझेनझ्वाइग यांनी हे भाकीत १९३६ सालीच केले होते. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीत एक विचित्र शर्यत आहे, जिच्या शेवटी डोडो पक्षी सगळ्यांनाच विजयी ठरवतो. रोझेनझ्वाइग यांनी आपल्या निबंधाच्या माथ्यावर तोच प्रसंग दिला. सगळेच जिंकत असतील, तर जिंकण्याचे कारण त्यांच्या वेगळेपणात नसून त्यांच्यात जे समान आहे त्यात असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

हा पेच मला पुस्तकाआधी घरात भेटला होता. माझे वडील बार्शीच्या बाजार समितीत हमाली करतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे कोणाचे काही बिनसले की, "तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय गं?" असे मला विचारतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या चुलतीचे चार महिन्यांचे मूल गेले आणि तिने अंथरूण धरले. जेवण नाही, झोप नाही, कोणाशी शब्द नाही. आजीने तिला देवऋष्याकडे नेले. पाच मंगळवार झाले. मग काकांनी तिला जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात नेले. तिथे गोळ्या सुरू झाल्या आणि दर पंधरवड्याला एक समुपदेशक बाई तिच्याशी बोलू लागल्या. दिवाळीपर्यंत चुलती उठून भाकऱ्या थापू लागली. आजी म्हणते, देवीने हाक ऐकली. अण्णा म्हणतात, गोळ्यांचा गुण. काका म्हणतात, काळ जाईल तसे होतेच. चुलती स्वतः म्हणते, "त्या बाईंनी माझ्या लेकराचं नाव विचारलं. घरात कुणी त्याचं नावच काढत नव्हतं."

माणसे चार, कारणे चार, सुधारणा मात्र एकच. यांतले कोण बरोबर हे एका चुलतीवरून कोणालाच ठरवता येणार नाही. पण संशोधकांपुढचा प्रश्न अगदी हाच आहे, फक्त त्यांच्या भाषेत आजी, अण्णा आणि काका यांना वेगळी नावे आहेत.

जेरोम फ्रँक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात देवऋषी, धार्मिक उपचार आणि आधुनिक मानसोपचार यांना एका रांगेत बसवून पाहिले. त्यांच्या मते चार गोष्टी सगळीकडे सारख्या असतात. ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा विश्वासाचा माणूस. रोजच्या जगापासून वेगळी काढलेली जागा. त्रासाचे काही एक स्पष्टीकरण. आणि त्या स्पष्टीकरणाला धरून दोघांनी मिळून करावयाचा विधी. खचलेल्या माणसाची उमेद या चारांच्या जोरावर परत येते. विचार मोठा आहे आणि त्यात एक प्रकारची नम्रताही आहे. आमच्या सरांना तो फार आवडतो. मला मात्र तो अर्धाच पटतो. देवऋष्यानेही चुलतीला स्पष्टीकरण दिलेच होते: अमावास्येला तू विहिरीवर गेलीस, ते लेकराला बाधले. रुग्णालयातल्या बाईंनीही स्पष्टीकरण दिले: दुःख गिळून टाकले की ते असे अंगावर येते. पहिल्या स्पष्टीकरणाने ती स्वतःला लेकराची मारेकरी समजू लागली. दोन्ही 'स्पष्टीकरण' या एकाच खणात टाकली तर खणाचे नाव जुळेल, पण आतला माल एक नाही. सरासरीत सगळे सारखे दिसले म्हणून प्रत्येक माणसाच्या बाबतीत सगळे सारखे, असे म्हणता येत नाही.

मग आत घडते काय, हे पाहणार कसे? उपचार बंद दाराआड होतात. फ्रॉइड तर रुग्णासमोर टिपणेही घेत नसत. रात्री आठवणीने लिहून काढत. आठवणीला सिद्धांताचा रंग चढतो, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. हे दार प्रथम उघडले कार्ल रॉजर्स यांनी. १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात ते आणि त्यांचे विद्यार्थी संभाषणे ध्वनिमुद्रित करू लागले. टेपरेकॉर्डर तेव्हा नव्हते. तबकडीवर कोरून आवाज घ्यायचा आणि एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटांचे बोलणे मावायचे. १९४२ सालच्या त्यांच्या पुस्तकात एका माणसाशी झालेल्या आठ बैठकींचे बोलणे शब्दशः छापले आहे. उपचारक काय म्हणाला, माणूस काय म्हणाला, कुठे थांबला, सगळे उघड्यावर. माझ्या मते मानसोपचाराच्या इतिहासात एखाद्या नव्या सिद्धांताइतकेच याचे मोल आहे.

या ध्वनिमुद्रणांच्या परंपरेतून जे निघाले त्यातले मला सर्वांत विलक्षण वाटले ते यूजीन जेंडलिन यांचे काम. ते शिकागोला रॉजर्स यांचे सहकारी. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी असंख्य ध्वनिफिती ऐकल्या. ज्यांना गुण आला आणि ज्यांना आला नाही, त्यांच्या बैठकींत फरक कोणता, हे त्यांना शोधायचे होते. अपेक्षा अशी की फरक उपचारकाच्या कौशल्यात सापडेल, नाही तर रुग्ण कोणत्या विषयावर बोलतो त्यात सापडेल. फरक सापडला तो रुग्ण कसा बोलतो त्यात, आणि तो पहिल्या एकदोन बैठकींतच ओळखू येत असे. काहीजण आपली कहाणी घडाघडा सांगत. नवऱ्याने असे केले, सासूने तसे केले, साहेब असा म्हणाला. सांगण्यात तक्रार असे, तर्क असे, कधी रडणेही असे. पण गुण येणारा माणूस मध्येच अडखळे. "राग आला... राग म्हणजे... नाही, राग नव्हे तो. इथं छातीत काहीतरी आवळल्यासारखं... आपल्याला मोजलंच नाही कुणी, असं काहीतरी." (हे उदाहरण माझे आहे; इंग्रजी उदाहरणापेक्षा ते आपल्याला जवळचे वाटेल.) शब्द आधी आणि भावना मागून असे त्याचे होत नसे. आत जे अस्पष्टपणे जाणवते त्याच्याशी तो शब्द ताडून पाही, न जुळला तर टाकून देई आणि जुळला की सुस्कारा सोडी. जेंडलिन यांच्या मते बदल त्या क्षणी घडतो.

हे वाचून मी थोडी अस्वस्थही झाले. अशा रीतीने बोलणे ज्याला आधीच येते त्यालाच उपचाराचा लाभ होणार, आणि ज्याला ते कोणी शिकवलेच नाही तो तसाच राहणार? आमच्या घरात पुरुषमाणसांना अडखळत बोलायची सवय नाही. एक तर ओरडायचे, नाही तर गप्प बसायचे. जेंडलिन यांनाही हेच खटकले असावे, कारण पुढे त्यांनी ही एक शिकता येणारी गोष्ट आहे असे मानून ती शिकवण्याची रीत बसवली आणि १९७८ साली सामान्य वाचकांसाठी तिच्यावर पुस्तक लिहिले.

उपचारक आणि रुग्ण यांच्यातील नात्याबद्दल पुष्कळ संशोधन झाले आहे. २०१८ साली २९५ संशोधने एकत्र करून पाहिली गेली, त्यांत तीस हजारांवर रुग्ण होते. नाते जितके चांगले तितका गुण अधिक, हा संबंध जवळजवळ सगळीकडे आढळला. मात्र तो केवढा? माणसामाणसांच्या सुधारणेत जो फरक पडतो, त्यातले शंभरात सुमारे आठ भाग नात्याशी जोडता येतात. आठ म्हणजे थोडे नव्हे, पण 'सगळे काही नात्यातच आहे' असे म्हणणाऱ्यांनी उरलेले ब्याण्णव विसरू नयेत. शिवाय कोंबडी आधी की अंडे आधी हा घोळ आहेच. नाते चांगले म्हणून बरे वाटले, की बरे वाटू लागले म्हणून समोरचा माणूस आवडू लागला?

येथे अण्णांच्या गोळ्यांची गोष्ट येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तीन ठिकाणी मिळून नैराश्याच्या २५० रुग्णांवर एक मोठा प्रयोग केला. त्याचा मुख्य अहवाल १९८९ साली आला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे चार गट पाडले होते. दोन गटांना दोन प्रकारचे मानसोपचार, तिसऱ्याला औषध, चौथ्याला औषधासारख्या दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या. गोळ्यांच्या दोन्ही गटांना डॉक्टर नियमित भेटत आणि विचारपूस करीत. पुढे १९९६ साली या बैठकींच्या चित्रफिती तपासून नात्याचे मोजमाप केले गेले. नाते चांगले असेल तिथे गुण अधिक, हे चारही गटांत दिसले. औषधाच्या गटातही आणि कोऱ्या गोळ्यांच्या गटातही! आणखी बारकाईने पाहता, गुणाशी संबंध होता तो नात्यात रुग्ण स्वतः किती उतरतो याचा. तेव्हा अण्णा बरोबर की चुलती बरोबर, हा वाद आपण समजतो तितका सरळ नाही. गोळी देणारा हातही गोळीबरोबर पोटात जातो.

दुसरी एक युक्ती घरगुती आहे. काढ्यात सुंठ, मिरी, तुळस, गूळ सगळे असते. गुण कशाचा हे कळायचे तर एकेक जिन्नस वगळून काढा करून पाहायचा. सिअ‍ॅटलमध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या पद्धतीबाबत हेच केले. त्यांचा अहवाल १९९६ चा आहे. नैराश्याच्या १५० रुग्णांचे तीन गट. एका गटाला संपूर्ण पद्धत. दुसऱ्याला तिच्यातला काही भाग. तिसऱ्याला फक्त पहिला जिन्नस: दिवसाचा क्रम आखणे, सोडून दिलेली कामे पुन्हा हळूहळू हाती घेणे, माणसांत मिसळणे. विचार तपासण्याचा भाग अजिबात नाही. तिन्ही गटांना सारखाच गुण आला. विचार बदलले की माणूस बदलतो हा तर पद्धतीचा कणा. आणि तो काढून घेतला तरी काढा लागू पडला!

याच धर्तीची कल्पना आपल्या मुंबईत त्याच्या कितीतरी आधी वापरली गेली होती, हे वाचून अभिमान वाटला. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती बसवली होती. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तुलनेच्या गटाला वरवर तशीच दिसणारी आसने आणि श्वसन दिले होते, पण मनाच्या एकाग्रतेचा भाग वगळून. पूर्ण पद्धत करणाऱ्यांची चिंता अधिक उतरली. 'योगाने गुण येतो' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'योगातल्या कशाने?' असे विचारणारे थोडे.

बेक यांच्या पक्षाकडून उत्तर आले १९९९ साली. टँग आणि डेरुबीस यांनी ६१ रुग्णांचे आठवड्या-आठवड्याचे आकडे पाहिले. सरासरीचा आलेख घाटातल्या उतारासारखा सावकाश उतरतो. पण एकेका माणसाचा आलेख पाहिला तर २४ जणांच्या बाबतीत तो एका बैठकीपासून पुढच्या बैठकीपर्यंत एकदम खाली आला होता. त्यांच्या एकूण सुधारणेतली निम्म्याहून अधिक सुधारणा त्या एका आठवड्यात झालेली! मग त्यांनी उडीच्या आधीची बैठक ऐकली. तिच्यात रुग्णाच्या विचारांत झालेला बदल इतर बैठकींपेक्षा जास्त आढळला. म्हणजे आधी विचार, मग उडी. हा पुरावा मला जेकबसन यांच्या पुराव्याइतकाच वजनदार वाटतो, कारण यात क्रम पाहिला आहे. कारण नेहमी परिणामाच्या आधी यावे लागते, ही साधी अट बहुतेक संशोधनांत तपासलेलीच नसते. पण पुढे अशाच उड्या इतर उपचारांत आणि कोऱ्या गोळ्या घेणाऱ्यांतही सापडल्या. तेव्हा उडी खरी, तिच्यामागचे कारण मात्र प्रत्येक ठिकाणी एकच असेल असे नाही.

शेवटी गोव्याकडे वळते, कारण तेथे या सर्व धाग्यांची गाठ पडते. 'संगात' या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या तीव्र रुग्णांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ४९५ प्रौढ माणसे, चिठ्ठीप्रमाणे दोन गट. एका गटाला नेहमीपेक्षा थोडी सुधारलेली आरोग्यसेवा, दुसऱ्याला तीच सेवा आणि शिवाय सहा ते आठ बैठकी. या बैठकींत भर होता तो जेकबसन यांच्या त्या पहिल्या जिन्नसावर: सोडून दिलेले उद्योग पुन्हा हाती घेण्यावर. आणि बैठकी घेणारे कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेले, खास प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक. तीन महिन्यांनी बैठकींच्या गटातले शेकडा ६४ जण नैराश्याच्या मर्यादेखाली आले होते, दुसऱ्या गटातले शेकडा ३९. ("मग तू एम. ए. कशाला करतेस?" असे अण्णांनी हे ऐकून विचारले. त्या समुपदेशकांना कोणी तरी शिकवले होते आणि त्यांचे काम तपासले जात होते, हे मी त्यांना सांगितले.) हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांना गुण देत. ओहायोतल्या त्या तबकड्यांची ही नात म्हणायची.

त्या संशोधकांनी आपला दुसरा प्रश्नही सोडला नाही. बारा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा गुण टिकून होता. तिसऱ्या महिन्यात ज्यांचे हिंडणे-फिरणे, कामात पडणे, माणसांत मिसळणे वाढले होते, त्यांच्यात बाराव्या महिन्यात नैराश्य कमी आढळले. उपचाराचा परिणाम या वाटेने होतो, असे त्यांचे गणित दाखवते. माझ्या चुलतीच्या भाकऱ्या मला येथे आठवल्या. ती बरी झाली म्हणून भाकऱ्या थापू लागली असे आम्ही सगळे धरून चाललो होतो; क्रम उलटाही असू शकेल. पण गोव्याच्या आकड्यांतही एक फट राहतेच. तिसऱ्या महिन्यात हालचाल वाढलेली होती, तशी उदासीही तोवर कमी झालेली होती. या दोहोंत पहिले पाऊल कोणाचे, हे ठरवायचे तर पहिल्या बैठकीपासून दर आठवड्याला दोन्ही मोजावी लागतील.